पाच सेकंदांचा फंडा

पंधरा ऑगस्टला जोडून लाँग वीकेंड आला, की आपलं पब्लिक लोणावळ्याला पळतं. मी या वेळी धारणीला गेलो. कारण दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, तिथल्या एका शाळेत पीटीचा सर. "तू कॉलेजात टीममधी होता ना बे? मंग येजो इकडं. पोट्टे धावतेत लय, पन बास्केटच होऊन नाही राह्यली."

ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न, "वाघ दिसतो का?" आणि दुसरा, "तिथे बास्केटबॉल??" तर बॉस, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत मेळघाटचा घाट उतरलं की धारणी येते, आणि तिथेही दोन खांब आणि दोन रिंगा उभ्या करता येतात. कोर्ट मातीचं. ऑगस्टात म्हणजे चिखलाचं. पण त्यात लाजायचं काय? बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला तो १९३६ साली बर्लिनला, उघड्या मैदानावर, आणि फायनल भर पावसात चिखलात झाली. स्कोअर १९-८! त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं.

असो. दादाच्या टीमचा प्रॉब्लेम सिंपल होता. पोरं बुटकी. शहरातल्या शाळांची उंच मुलं डोक्यावरून बॉल काढून नेणार, दरवर्षी तेच. उंचीचं चार दिवसांत काही होत नाही. म्हटलं, थ्रो-इनवर बसू.

बॉल बाहेर गेला की एकाने रेषेबाहेरून पाच सेकंदांत आत टाकायचा, तो थ्रो-इन. बहुतेक टीम्स याला मधली सुट्टी समजतात. जो जवळ असेल तो बॉल उचलतो आणि जो ओरडेल त्याला देतो. पण हाच थ्रो-इन समोरच्याच्या रिंगखालच्या रेषेवरून मिळाला, तर रिंग हाकेच्या अंतरावर असते. शिवाय आत कुणी बॉलला हात लावेपर्यंत घड्याळ बंद असतं, त्यामुळे रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त न थांबण्याचा नियमही तेवढ्यापुरता लागू नसतो. बुटक्या पोरांनी रिंगखाली आरामात उभं राहावं!

आधी बॉल टाकणारा बदलला. दादाने तिथे टीममधला सगळ्यात कच्चा पोरगा ठेवला होता, "त्याच्याकडून दुसरं काही होत नाही" म्हणून. मी तिथे सगळ्यात शांत डोक्याचा पोरगा आणला. चांगला पास देणारा. पास दिला की तोच आत घुसतो, आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

मग बॉक्स. चार पोरं चौकोनात. खालचा वर धावतो आणि वरच्याच्या मार्करची वाट अडवतो. वरचा सुटून रिंगकडे पळतो, सगळे त्याच्या मागे. गंमत अशी, की बॉल द्यायचा तो वाट अडवणाऱ्याला! त्याचा मार्कर मदतीला गेलेला असतो, हा वळून मोकळा उभा. चौथ्याने मागे राहायचं, बॉल हिसकला गेला तर रिंग सांभाळायला. हे कागदावर दोन मिनिटांत समजतं. बॉलवर थाप पडेपर्यंत जागेवर उभं राहायला शिकवण्यात दीड दिवस गेला.

चालींना मी 'वन', 'टू' म्हणत होतो. पोरांनी ते परस्पर कोरकूत करून टाकलं. कोरकू ही संथाली, मुंडारीच्या घराण्यातली भाषा. मराठी-हिंदीवाल्याला ओ की ठो कळत नाही. दादाच कपाळाला हात लावून, "आता मलेच समजत नाही बे."

रात्री मोबाइलवर १९७२ ची म्युनिक फायनल दाखवली. शेवटचे तीन सेकंद, अमेरिका एका पॉइंटने पुढे. येदेश्को स्वतःच्या रिंगखालून आख्खं कोर्ट पार करून बॉल फेकतो, बेलोव झेलतो आणि टाकतो. सोव्हिएत ५१, अमेरिका ५०. सगळे बेलोवसाठी ओरडले. आपला थ्रो-इनवाला मात्र म्हणाला, "सर, फेकनेवाला फिरसे दिखाओ." नऊ वेळा दाखवला.

सप्टेंबरात अमरावतीला मॅच झाली तेव्हा मी पुण्यात क्लायंटच्या कॉलवर, म्यूटवर. दादाचा व्हॉइस मेसेज आला. "हारलो बे, चार पॉइंटानं. पन थ्रो-इनवर सहा बास्केट! दोन तर फेकनाऱ्यानंच आत येऊन टाकल्या. तिकडचा कोच इचारत होता, हे पोट्टे कोनत्या भाषेत ओरडून राह्यले? आता दिवाळीनंतर येजो. साइडलाइनवरचं शिकवाचं राह्यलं."

रजेचा अर्ज टाकलाय.