पारावरून : जमिनीत पुरलेला वैरी



मूल तालुक्यातल्या एका माउलीचे पत्र आले आहे. त्यांचा थोरला मुलगा फौजेत आहे. धानकापणीला सुटीवर आला, तेव्हा सांगत होता की, आता परदेशी सैनिकांबरोबर दोन आठवडे सराव आहे. माउली विचारतात, "परक्यांच्या लढाया आमच्या पोरांच्या गळ्यात तर पडणार नाहीत? आणि आपले डावपेच त्यांना दाखवायचे कशाला?"

माउली, प्रश्न काळजातून आला आहे. उत्तरही सरळच देतो.

असे सराव आपल्या महाराष्ट्रातही होतात. पुण्याजवळच्या औंध छावणीत मार्च २०१६ मध्ये 'फोर्स १८' नावाचा मोठा सराव झाला. आसियानचे दहा देश, शिवाय भारत, चीन, जपान, रशिया, अमेरिका, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, असे अठरा देश त्यात होते. भारताच्या चाळीस जणांच्या तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होते. अनेक देशांच्या सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व एका बाईने करण्याची ती पहिलीच वेळ. पुढे २०१९ आणि २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या देशांचे सैनिक पुण्याला आले. एप्रिल २०२५ मध्ये उझबेकिस्तानचे आले.

आता २०१६ साली ते शिकले काय? विषय दोनच होते : शांतिसेनेचे काम आणि पुरलेले सुरुंग काढणे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत एका देशाची पलटण, दुसऱ्याचे इंजिनिअर आणि तिसऱ्याचा दवाखाना एकाच ठिकाणी काम करतात. कुरेशीबाई स्वतः २००६ साली काँगोत असे काम करून आल्या होत्या. तिथे एकाची खूण दुसऱ्याला कळली नाही, तर माणूस जातो. म्हणून ओळख आधी करून घ्यायची. आपल्याकडे रोवणीला आज माझ्या बांधीत, उद्या तुझ्या बांधीत जातो ना, तसेच. कोणाचा हात कसा चालतो हे ठाऊक असले, म्हणजे पाऊस अंगावर आला तरी ओळ मोडत नाही.

पण सराव म्हणजे करार नव्हे. भारत आणि चीनच्या सैनिकांनी २००८ साली बेळगावला, २०१४ आणि २०१६ साली पुण्याला एकत्र सराव केला. तरी जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान कामी आले. तेव्हा मैदानावरच्या हस्तांदोलनाने कोणी सोयरा होत नाही, आणि कोणाची लढाई आपल्या गळ्यातही पडत नाही. डावपेचांचे म्हणाल, तर पाहुणा आला म्हणून कोणती घरधनीण कोठीची किल्ली त्याच्या हाती देते? दाखवायचे तेवढेच दाखवतात.

दुसरा विषय मात्र आपल्या काळजाजवळचा आहे. त्या अठरा देशांत कंबोडिया आणि लाओस होते. तेही धानाचे मुलूख. तिथली युद्धे केव्हाच संपली, पण जमिनीत राहिलेले सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब अजून शेतकऱ्याचा पाय नेतात. ते काढायचे काम फार सबुरीचे. फीत लावून अरुंद वाट आखायची, यंत्राने धातूचा कानोसा घ्यायचा, मग टोचणीने तिरपे टोचत बोट बोट पुढे सरकायचे. टोचणी उभी दाबली तर घात होतो.

हे दुखणे आपल्याला परके नाही. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. कोणाची भाकर टोपल्यात तशीच राहिली असेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. चांगलेच झाले. पण बंदूक खाली ठेवता येते. पुरलेल्या सुरुंगाला शरणागती कळत नाही. पुरणारा विसरला, तरी माती विसरत नाही.

म्हणून तेंदूपत्त्याला, मोहफुलाला, गुरांमागे जंगलात जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. वाटेत वायर दिसली, बेवारस डबा किंवा कुकर दिसला, पायवाटेवर ताजी उकरलेली माती दिसली, तर हात लावू नका, काठीने डिवचू नका, दगड मारू नका. आल्या पावली मागे फिरा, दुसऱ्यांना थांबवा आणि पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला कळवा. लेकरांना हे घरात बसवून सांगा, कारण चमकती वस्तू आधी तेच उचलतात.

माउली, मुलगा पुन्हा सुटीवर आला की त्याला एक दिवस गावच्या शाळेत न्या. पुरलेला सुरुंग कसा ओळखतात आणि त्यापासून लांब कसे राहतात, हे त्याच्या तोंडून पोरांना ऐकू द्या. परमुलखातल्या माणसांबरोबर शिकलेले त्याचे ज्ञान आपल्या पायवाटेवर कामी आले, तर त्या दोन आठवड्यांचे सोने झाले म्हणायचे.