मोर, मोरे आणि मूर

बारामती तालुक्यातले मोरगाव कऱ्हा नदीच्या काठी आहे. या नावातला मोर म्हणजे आपला पिसारा फुलवणारा मोर. तिथल्या गणपतीलाही मयूरेश्वरच म्हणतात. आता आपल्याकडचे मोरे हे आडनाव घ्या. ते इंग्रजीत लिहिले, की एम-ओ-आर-ई होते. मराठी न जाणणारा ते 'मोअर' असे वाचतो आणि अर्थ समजतो 'अधिक'!

गंमत म्हणजे याच स्पेलिंगचे आडनाव इंग्रजांतही आहे. १५१६ साली ज्यांचे 'युटोपिया' हे पुस्तक निघाले, ते थॉमस मोर. पण या मोर मंडळींचे आपल्या मोऱ्यांशी काही नाते नाही. इंग्रजीत 'मूर' म्हणजे ओसाड माळरान किंवा पाणथळ जमीन. तिथे राहणाऱ्यांना मोर, मूर अशी आडनावे पडली.

काही घराण्यांत मात्र हे आडनाव दुसऱ्या वाटेने आले. उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधल्या मुसलमानांना युरोपात 'मूर' म्हणत. मूळ लॅटिन शब्द 'माउरुस'. सावळ्या वर्णाच्या माणसालाही हे टोपणनाव मिळे. स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समधल्या मुसलमानांना 'मोरो' म्हटले, तेही यावरूनच. मॉरिटानिया देशाचे नावही याच मुळाचे. मोरोक्को मात्र नाही. ते मराकेश शहराच्या नावावरून आले.

म्हणजे दिसायला सारखे, पण मुळात वेगळे. आपल्या घरांत याच्या उलट घडते. 'शेख' हा अरबी शब्द एकच आहे. मूळ अर्थ वयाने मोठा, वडीलधारा. उर्दूत तो एकाच तऱ्हेने लिहितात, मराठीतही तसेच. इंग्रजीत मात्र कोणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कोणी एस-एच-ई-आय-के-एच, तर कोणी एस-एच-ई-के-एच. एकाच बापाची दोन मुले कागदावर परकी दिसू लागतात. मग पासपोर्ट काढताना किंवा वारस लावताना हेलपाटे सुरू होतात.

तेव्हा मुलाचा जन्मदाखला काढतानाच वडिलांच्या कागदावरचे स्पेलिंग समोर ठेवा. शाळेत, आधार कार्डावर, बँकेत तेच अक्षर न अक्षर द्या. आणि मुलांना आडनावाचा अर्थही सांगा. स्पेलिंग कागद सांभाळते, नाव मात्र अर्थानेच कळते.