पी.एफ. पुरेसा आहे का?

पगारातून पी.एफ. कापला जातो म्हणजे म्हातारपणाची सोय झाली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज. भोपाळला कारखान्यात नोकरी करणारा माझा भाचाही परवा म्हणाला, ‘मामा, १२ टक्क्यांऐवजी ४० टक्के कापून घेऊ का?’ घेता येतात. मात्र या स्वेच्छेच्या जादा वर्गणीवर मालकाची भर पडत नाही. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली, की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. म्हणजे महिना साधारण २०,८०० रुपयांपर्यंत चिंता नाही.

त्यापुढचे पैसे कुठे ठेवायचे? पोस्टात किंवा बँकेत पीपीएफ खाते आहे. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत १५ वर्षे, व्याज करमुक्त. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरावे, म्हणजे त्या महिन्याचे व्याज बुडत नाही. अज्ञान मुलाच्या नावे खाते काढून आपली मर्यादा वाढत नाही. पत्नीच्या खात्याला मात्र तिची स्वतंत्र मर्यादा असते.

खरा मुद्दा इथेच आहे. आपल्या कित्येक घरांत पी.एफ. नवऱ्याचा, घर नवऱ्याच्या नावे, आणि बाईच्या नावे काहीच नाही. अडीनडीला तिने कुणाच्या सहीची वाट पाहायची? भाच्याला म्हटले, पहिले खाते सूनबाईच्या नावे काढ.

कन्नडमध्ये म्हणतात, ‘हनी हनी कूडिदरे हळ्ळ’. आपण म्हणतो, थेंबे थेंबे तळे साचे. त्या तळ्यावर घरातल्या बाईचाही घाट असावा, एवढेच.