डोंगर नाही? माळ आहे ना!

पावसाळा लागला की आपल्या स्टेटसवर सह्याद्रीतल्या ट्रेकचे फोटो झळकतात आणि खाली ठरलेली ओळ असते, 'आपल्या सोलापुरात काय आहे? नुसतं ऊन आणि माळ!' खोटं कशाला बोलू, मीही हे लिहिलंय. पण दोस्तांनो, ज्या माळाला आपण नावं ठेवतो, तो एकदा नीट बघितलाय का?

बार्शी रस्त्याने नान्नजला जा. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. उजाडायच्या आत पोहोचा आणि गप्प उभे राहा. आधी काहीच दिसणार नाही. मग एखादं मातीचं ढेकूळ तुरुतुरु पळायला लागेल. तो धाविक! वर चंडोल गात असेल, लांबवर काळविटांचा कळप चरत असेल. हिवाळ्यात गेलात तर मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालताना दिसतील.

याच माळावरच्या माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे दिसलाच तर नशीब समजायचं.

असं का झालं? शिकार झाली, शेती वाढली, विजेच्या तारा आल्या. पण एक कारण आपल्या डोक्यातही आहे. झाड म्हणजे निसर्ग आणि गवत म्हणजे रिकामी जागा, हे आपण शाळेपासून धरून बसलोय. सरकारी दप्तरातही असे माळ बऱ्याचदा 'पडीक' म्हणूनच मोजले जातात. एनएसएसच्या शिबिरात मीही माळावर खड्डे खणले, रोपं लावली आणि फोटो काढले. तेव्हा वाटलं होतं, केवढं पुण्य केलं!

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. लांबून येणारा शत्रू दिसावा, म्हणून तिला चहूकडे मोकळी नजर लागते. तिथे झाडं दाटली की ती नजर अडते, शिवाय कावळ्यांना अंड्यांवर टपून बसायला आयती फांदी मिळते. म्हणजे आपलं वृक्षारोपण तिच्या मुळावरच येतं.

झाडं लावूच नका, असं मी म्हणत नाही. कॉलेजच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा, घरासमोर लावा. फक्त माळ माळच राहू द्या. पुढच्या शिबिरात कुणी माळावर खड्डे खणायला सांगितलं, तर हात वर करून विचारा, 'सर, इथे आधी कोण राहतं?'

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचेच. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. यंदा त्या आठवड्यातली एक सकाळ माळाला द्या. दुर्बीण नसली तरी चालेल. वही न्या, पाण्याची बाटली न्या आणि पाय जपून टाका. गवतात कुणाचं तरी घर असतं.