स्टार्टर बदलताना नाकापेक्षा मोती जड नको



'जुने ते सोने' म्हणणारे आणि 'नवे ते चांगले' म्हणणारे असे दोन पक्ष घरोघर असतात. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी हौसेने सांभाळणाऱ्यांतही ते आहेत. मोटारीचा स्टार्टर बिघडला, की एक पक्ष मूळ बनावटीचाच स्टार्टर हवा म्हणतो. दुसरा म्हणतो, बाजारातला सर्वांत जोरदार आणा. माझ्या मते दोघांचीही चूक एकच आहे. ते उत्तर आधी ठरवतात आणि मोजमाप मागाहून करतात.

उदाहरणासाठी एम. जी. बी. ही ब्रिटिश मोटार घेऊ. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. आजही अनेकांनी त्या चालत्या ठेवल्या आहेत. तिचे एंजिन चार सिलिंडरचे, १७९८ घनसेंटिमीटरचे. पेट्रोल एंजिन आपण होऊन सुरू होत नाही. आधी त्याला फिरवावे लागते. पूर्वी हे काम हाताने हँडल मारून करीत. चार्ल्स केटरिंग यांनी त्यासाठी विजेची मोटर योजली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत ती बसली. हाच स्टार्टर, आपल्या गॅरेजमधला 'सेल्फ'.

आता पहिला प्रश्न: स्टार्टर खरोखरच बिघडला आहे काय? एम. जी. बी.च्या पुष्कळ मोटारींत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असत. तेथून पुढच्या स्टार्टरपर्यंत लांब तार जाते. समजा, एखाद्या गंजलेल्या जोडणीमुळे फक्त ०.०१ ओहम रोध वाढला. ओहमचा नियम आठवा. घरातल्या दिव्याला एवढ्या रोधाने काहीच फरक पडणार नाही. पण स्टार्टर २०० अँपिअर धारा घेत असेल, तर २०० × ०.०१ = २ व्होल्ट त्या एका जोडणीतच खर्ची पडतील. स्टार्टर कण्हत फिरेल आणि दोष मात्र त्याच्या माथी येईल. म्हणून कोणी किल्ली फिरवीत असताना प्रत्येक जोडणीच्या दोन बाजूंना व्होल्टमीटर लावून पाहावा. कित्येकदा पॉलिश कागदाच्या तुकड्याने काम भागते. मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील, तर तेवढेच बदलता येतात.

दुसरा प्रश्न: नवा स्टार्टर त्या मोटारीला बसेल काय? सुरुवातीच्या एम. जी. बी.मध्ये स्टार्टरचे लहान दंतचक्र जडत्वामुळे आट्यांवरून सरकत जाई आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरे. १९६७ च्या अखेरीस आलेल्या सुधारित मोटारीत नालकुंतल, म्हणजे सोलेनॉइड, आधी दाते जुळवतो आणि मगच मोटरला पूर्ण धारा देतो. दोन्हींचे स्टार्टर वेगवेगळे. चुकीचा बसवण्याचा अट्टाहास केला, तर फ्लायव्हीलच्या कड्याचे दाते झिजतात. आणि ते कडे बदलायचे, तर एंजिनच बाहेर काढावे लागते. स्टार्टरपेक्षा ही दुरुस्ती महागात पडते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत गमतीचा वाटतो. १९६७ पर्यंतच्या या मोटारींत बॅटरीचे धन टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असे. नंतर ऋण टोक जोडू लागले. जुन्या स्टार्टरला याचे सोयरसुतक नाही. त्याचे क्षेत्र विद्युतचुंबकाचे असल्यामुळे धारा उलटली की चुंबकीय क्षेत्रही उलटते आणि फिरण्याची दिशा तीच राहते. घरचा मिक्सर प्रत्यावर्ती धारेवर चालतो, तो याच तत्त्वावर. परंतु काही नव्या स्टार्टरमध्ये कायम चुंबक असतात. तेथे फक्त आर्मेचरमधील धारा उलटते, आणि फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाप्रमाणे मोटर उलट फिरू लागते! म्हणजे, स्टार्टर अगदी नवा, दातेही जुळले, तरी १९६५ च्या मोटारीत तो निरुपयोगी.

जोराचा प्रश्न या तिन्हींनंतर यावा. नव्या स्टार्टरमध्ये मोटर आणि बाहेरचे लहान दंतचक्र यांच्यामध्ये आणखी दंतचक्रे असतात. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६२ पासून अशी रचना वापरली. वेग चौपटीने कमी केला, तर घर्षणातील घट सोडता फिरवण्याचा जोर जवळजवळ चौपट होतो. म्हणून लहान, हलकी, जलद फिरणारी मोटरही पुरते. ही सुधारणा खरी आहे. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण जाहिरातीतील किलोवॅटचा आकडा पाहून भुलू नये. एंजिन सुरू होण्यास लागेल तेवढा जोर आणि थंडीच्या सकाळसाठी थोडा जास्त, एवढे बस्स.

म्हणून माझा कौल असा: जुना स्टार्टर दुरुस्त होत असेल, तर दुरुस्त करावा. आर्मेचर जळले असेल आणि वरील तिन्ही प्रश्नांची उत्तरे जुळत असतील, तर नवा खुशाल बसवावा. मात्र मूळचा भंगारात देऊ नये. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवावा, कारण पुढच्या मालकाला ती मोटार मूळ रूपात पाहावीशी वाटेल.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मोटारीच्या बॅटरीवर प्रयोग नकोत. तिची धारा धोकादायक असते. खेळण्यातली छोटी मोटर घ्या, एका साध्या घटाला जोडा, मग तारांची अदलाबदल करा. ती उलट का फिरली, आणि मिक्सर तसा का फिरत नाही, हे मुलांनाच विचारा. ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याला उद्या दुकानदाराने पुढे केलेल्या वस्तूविषयीही नेमके प्रश्न विचारता येतील.