‘करून राहिलो’ला हसण्याआधी

पुण्यात होस्टेलच्या मेसमध्ये आईचा फोन आला. "काय करून राहिला रे?" "जेवून राहिलो." शेजारच्या टेबलावर हशा पिकला. एकानं समजावलं, "अरे, ‘जेवतोय’ म्हण. शुद्ध बोल." पुढे महिनाभर मी आईशी जिन्यात उभा राहून बोललो. मी लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा. त्या हशाचं उत्तर आज देतो.

तुमचं शुद्ध ‘करतो’ तरी मुळात वर्तमानकाळाचं कुठे होतं? संस्कृत ‘करोति’चं प्राकृतात ‘करइ’ झालं, जुन्या मराठीत ‘करी’. ज्ञानेश्वरांच्या काळात ‘करी’ सरळ वर्तमानकाळात चाले. आज मात्र ‘आजी पहाटे उठे, दळण दळी’ म्हटलं की आजी जुन्या काळात गेली. रिकाम्या जागेवर ‘करत’, म्हणजे ‘करत असलेला’, हे विशेषणासारखं रूप येऊन बसलं. पुरावा तुमच्या तोंडातच आहे. तो करी, ती करी: फरक नाही. तो करतो, ती करते: फरक आहे. विशेषणाची लिंग दाखवायची सवय ‘करतो’नं अजून सोडलेली नाही.

"पण ‘राहिलो’ हा तर भूतकाळ!" बरोबर. मग इंग्रजीकडे बघा. ‘ही गोज’ला शेवटी ‘ज’ लागतो, पण ‘ही कॅन’ला काहीच का लागत नाही? कारण ‘कॅन’ हे मूळचं भूतकाळी वळणाचं रूप, वर्तमानात कामाला लागलेलं. जर्मनमधलं ‘वाइस’, म्हणजे ‘मला माहीत आहे’, तसंच. वैदिक ‘वेद’ त्याचंच भावंडं: रूप पूर्ण काळाचं, अर्थ ‘जाणतो’. जे झालं ते आत्ताही टिकून आहे, एवढाच हिशोब. ‘राहिलो’ वेगळं काय करतं?

"हे हिंदीतून आलंय." असेलही. विदर्भाला हिंदीचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. शेजाऱ्याकडून आलेलं सगळं अशुद्ध ठरवायचं, तर ‘हशा पिकवणारा’ मेसचा ‘टेबल’ही परत करावा लागेल.

प्रमाण मराठी परीक्षेत लिहावी, मी लिहितो. पण प्रमाण म्हणजे शुद्ध नव्हे; ती फक्त एक ठरवून घेतलेली सोय आहे. वर्गात ‘करून राहिलो’वर लाल रेघ मारणाऱ्यांनी शेजारी ‘करी’ आणि ‘करतो’ लिहून दाखवावं. मुलांना व्याकरण कळेल, आणि घरचा फोन घ्यायला जिना शोधावा लागणार नाही.