दहापैकी दहा

गेल्या डिसेंबरात सुट्ट्या जोडून आल्या आणि आम्ही सगळे तोंडवलीला जाऊन आलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मालवणच्या उत्तरेला, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे तळाशीलपर्यंत गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी. किनाऱ्याला लागून सुरूचं बन. वारा सुटला की बनातून असा आवाज येतो की समुद्र कुठल्या बाजूला आहे तेच कळेनासं होतं.

सोबत सातवीतला भाचा होता, आणि भाच्यासोबत सुट्टीचा प्रोजेक्ट: 'पानांचे विविध प्रकार'. दहा पानं गोळा करा, वहीत चिकटवा, खाली नाव आणि प्रकार लिहा. नऊ पानं पुण्यातच झाली होती. दहावं राहिलं होतं, 'सुईसारखं पान'. सुरूच्या बनात त्याला काय तोटा! पठ्ठ्याने एक हिरवी काडी उचलली, सेलोटेपने चिकटवली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सुरू – सुईसारखे पान'. विषय संपला.

आम्ही उतरलो होतो त्या घरचे आजोबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. वही बघून हसले. म्हणाले, "ह्यां पान नाय रे, ही फांदी आसा. वडून बघ."

भाच्याने दुसरी काडी घेऊन दोन्ही टोकांनी ओढली. टच्चकन सांध्यातून सुटली. परत ओढली, पुढच्या सांध्यातून सुटली. "मामा, हे लेगोसारखं आहे!" मग मोबाईलचा कॅमेरा झूम करून पाहिलं, तर प्रत्येक सांध्याभोवती बारीक दातांची कडा. सहा ते आठ दात. तेवढे दात म्हणजे सुरूची खरी पानं! आपण ज्याला पान समजतो ते खोड. हिरवं आहे, आणि अन्न बनवायचं काम तेच करतं.

"पण एवढी छोटी पानं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, इथे उभा आहेस ना, बघ आजूबाजूला. त्याने पाहिलं. वारा, ऊन, खारं पाणी, पाणी धरून न ठेवणारी वाळू. दहा मिनिटांत स्वारी स्वतःच म्हणाली, "पान मोठं असतं तर पाणी उडून गेलं असतं." दहा मिनिटं! खर्च शून्य.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "मामा, आता वहीत काय लिहू? शाळेच्या तक्त्यात तर हे पान म्हणून दिलंय."

आणि मी, चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला, रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस, काय म्हणालो असेन? "तक्त्यात आहे तेच राहू दे. उगाच मार्क जातील."

प्रोजेक्टला दहापैकी दहा मिळाले. टेस्ट पास, कोड चुकीचा. आमच्या धंद्यात याहून धोकादायक प्रकार नाही, आणि तो मी माझ्या हाताने रिलीज केला होता.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. दोष बाईंचा आहे असं मला वाटत नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, पोर्शन संपवायची घाई, वर शाळेबाहेरची शंभर कामं. माझं म्हणणं प्रश्नाबद्दल आहे. 'पानांचे प्रकार लिहा', 'प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या लिहा', 'श्वसनमुळे असलेल्या वनस्पतीचे उदाहरण द्या'. या सगळ्यांची उत्तरं एकही झाड न बघता देता येतात. झाड न बघता पूर्ण मार्क मिळत असतील तर कोणतं पोर झाड बघेल? आपण तरी कुठे बघितलं? प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण झोपेतून उठवलं तरी म्हणू, पण ऑफिसच्या गेटपासून कँटीनपर्यंतची पाच झाडं ओळखायला सांगा... मी तीनवर अडकलो.

या रोगाला नावही आहे. वँडरसी आणि शुस्लर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1999 मध्ये त्यावर लिहिलं, त्याला 'वनस्पती-अंधत्व' म्हणूया. समोर झाड असतं, पण डोळ्यांना ते फक्त मागचा हिरवा पडदा दिसतं. गंमत म्हणजे, आपल्याकडे तिसरीपासूनच्या विषयाचं नावच 'परिसर अभ्यास' आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही पहिल्या काही तत्त्वांतच म्हटलंय की शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा. कागदावर सगळं आहे. प्रश्नपत्रिकेत नाही.

तोंडवलीसारख्या गावात तर शाळेच्या भिंतीबाहेर अख्खी प्रयोगशाळा आहे. खाडीच्या कडेला तिवर बघा. चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी त्याची श्वसनमुळं वर आलेली असतात. पान चाटून बघा, खारट लागतं, कारण नको असलेलं मीठ ते झाड पानांतून बाहेर टाकतं. काजूचं बोंडू हे पुस्तकातलं 'आभासी फळ'. देठ फुगून बोंडू होतं आणि खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी, हे ज्याने बोंडू खाऊन हात चिकट केलेत त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. रातांब्याचं घ्या. त्याची नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून रोपं लावली तर बरीचशी नर निघतात आणि त्यांना फळ कधीच धरत नाही, म्हणून बागायतदार मादी झाडाची कलमं लावतात. एका झाडात लिंगभेद, परागण आणि कलम असे तीन धडे झाले. आणि शिकवणारे बरेचदा घरातच असतात, ओटीवर सुपारी कातरत.

कोणी म्हणेल, अरे, पोरांना पुढे नीट द्यायची आहे, सीईटी द्यायची आहे, रातांबे काय मोजत बसायचे? बरोबर आहे, परीक्षा सुटणार नाही. पण मी झाडांच्या नावांची आणखी एक यादी पाठ करायला सांगत नाहीये. विज्ञान म्हणजे बघणं, शंका काढणं आणि तपासणं असेल, तर ते शिकवायला झाडाइतकं स्वस्त साधन नाही. ते पळत नाही, चावत नाही, आणि सोमवारी जिथे होतं तिथेच मंगळवारीही असतं. शहरातही असतं. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरचा गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेतला, हे कळलं की पोरं आपणहून विचारतात, मग इथलं कोण?

आणि हा प्रश्न वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. तोंडवलीची ओळख झालेला तो सुरूसुद्धा पाहुणाच. भारतात त्याची लागवड 1868 मध्ये कारवारला सुरू झाली. तो वारा अडवतो, वाळू धरतो, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन मिळवतो. पण त्याच्या गळलेल्या काड्यांच्या जाड गादीखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. उलट मर्यादवेल, आपट्यासारख्या पानांची आणि जांभळट फुलांची, वाळूवर पसरते, पेरापेराला मुळं सोडते आणि वाळू शिवून ठेवते. 'किनारा साफ करा' म्हटलं की सगळ्यात आधी तीच उपटली जाते, कारण ती कुणाला दिसतच नाही. किनाऱ्यावर काय लावायचं आणि काय काढायचं हे उद्या हीच मुलं ठरवणार आहेत, कुणी ग्रामसभेत हात वर करून, कुणी एखाद्या हॉटेलचा नकाशा काढून. त्यांना वेल दिसायला हवी.

बरं, हे 'बॉटनीवाल्यांचं' काम आहे असंही समजू नका. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ आजही चाळला जातो, 1901 ते 1908 दरम्यान छापलेला, तो लिहिणारा थिओडोर कुक मूळचा इंजिनिअर. रेल्वेच्या कामासाठी इकडे आला आणि नंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला. आपल्याच जातीचा माणूस! :-)

माझी मागणी लहान आहे. पानं चिकटवायचा प्रोजेक्ट बंद करा. प्रत्येक मुलाला वर्षभरासाठी एक झाड द्या, शाळेच्या वाटेवरचं कुठलंही. पालवी कधी आली, फूल कधी, त्यावर कोण येऊन बसतं, पानगळ कधी, एवढ्या नोंदी महिन्याला एकदा. आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा ठेवा की ज्याचं उत्तर गाईडात नाही, फक्त त्या झाडाकडे आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी भाचे-पुतणे आहेत त्यांना तर शाळेची वाट बघायचीही गरज नाही.

परवा रात्री राहवेना म्हणून भाच्याला फोन केला. म्हटलं, वहीतलं ते सुरूचं पान खोड करून टाक, माझं चुकलं.

"अरे मामा," तो म्हणाला, "पण वही तपासून झाली ना!"